बांध्यांभोवतीची तार

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्हाला एखादा प्रयोग स्वतः उभा करून दाखवावा लागे. बहुतेक मुलं नागपुरातच, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, विजेच्या मोटारींची मोजमापं घेऊन मोकळी होत. विजेचा विभाग ज्यांच्याकडे होता त्या सरांना हे पसंत नव्हतं. "खेड्यात विजेचं काय काम पडतं ते शोधून आणा," असं ते प्रत्येक वर्गाला सांगत आणि प्रत्येक वर्ग मान डोलावून पुन्हा मोटारींकडे वळे.

मी चांदा जिल्ह्यातला, धानाच्या मुलखातला. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे लोंब्या भरल्या की रानडुकरं येतात आणि एका रात्रीत बांधीच्या बांधी, म्हणजे बांधांनी आखलेली धानाची शेतं, लोळवून जातात. सर उठले आणि त्यांनी कपाटातून एक परदेशी मासिक काढलं. त्यात कुरणाभोवती तार ओढलेली होती. ढोर तारेला लागलं की त्याला क्षणभराचा झटका बसतो, ते दचकून मागे सरतं, त्याला इजा होत नाही. "हे तुमच्या डुकरांना लावून बघा," सर म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी वसतिगृहापर्यंत जवळजवळ धावतच गेलो.

यंत्र मी दोन महिन्यांत केलं. भंगारातल्या ट्रकची इग्निशन कॉइल, एक बॅटरी, आणि गजराच्या घड्याळाचं चाक. चाक फिरे तसा दर सेकंदाला तारेत एक झटका सुटे. प्रत्येक झटक्याला पेटीतून टिक असा आवाज येई. वीज खुंट्यांतून जमिनीत उतरू नये म्हणून लावायच्या चिनीमातीच्या गुंड्या महाग, म्हणून मी सोडावॉटरच्या फुटक्या बाटल्यांच्या माना वापरल्या. सरांनी हे पाहून माझी पाठ थोपटली. तोवर कुणीच माझी पाठ थोपटली नव्हती.

दसऱ्यानंतर मी ते सगळं घेऊन मूल या बाजारगावापलीकडच्या एका गावी गेलो. गाव जंगलाला टेकलेलं. तिथल्या जुन्या मालगुजारांशी, म्हणजे गावच्या जमीनदारांशी, वडिलांची ओळख होती. मालगुजारी जाऊन चारपाच वर्षं झाली होती, पण गाव त्यांना अजून मालकच म्हणे. त्यांनी नवीन धानगिरणी टाकली होती. तेलाचं इंजिन होतं आणि त्याच्या पट्ट्यावर एक डायनामो. गिरणीत नि त्यांच्या घरात त्यावर दिवे लागत. गिरणीसमोर बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि बोडीच्या पाळीपलीकडे त्यांच्या बांध्या थेट जंगलापर्यंत. माझी बॅटरी गिरणीत भरून मिळणार होती म्हणूनच हे गाव निवडलं होतं.

इंजिन सांभाळायला चांद्याचे एक मुसलमान मिस्त्री होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. माझी पेटी त्यांनी उघडून पाहिली, बोटानं घड्याळाचं चाक अडवलं, सोडलं, आणि म्हणाले, "दिमाग चांगला लावला बाबू." मला राहायला गिरणीमागची खोली दिली होती. तांदळाचा कोंडा सगळीकडे, अंथरुणातसुद्धा.

बांध्यांवर राखणीला एक बाई होती. वय पन्नासच्या आसपास, विधवा. एका मचाणावर बसून ती दिवसभर टिनाचा डबा वाजवी, पोपट उडवी आणि संध्याकाळी डुकरांवर ओरडे. तिच्याजवळ एक पिवळट कुत्रा होता. कापणीपर्यंत राखण केली की तिला ठरलेलं धान मिळे. मी खुंट्या ठोकत होतो तेव्हा ती मचाणावरून उतरून आली.

"बाबू, ही तार झोपत नाई म्हणते?"

"नाही बाई. रात्रंदिवस चालू."

"मंग मी काय करू?"

मी म्हटलं, पोपटांना तार चालत नाही, तुमचं काम राहीलच. तिचं समाधान झालं नाही. तारेकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "जित्ती हाये का मेली हाये, माणसाले कसं समजावं?"

मी तिला पेटीतली टिकटिक ऐकवली. आवाज येतो तोवर जिवंत, आवाज थांबला की मेली. तिनं मान हलवली. मला माझं उत्तर फार आवडलं.

त्या दिवशी दुपारी मालक पाहायला आले. उंच, हसतमुख, नवीन गोष्टीची आवड असलेला माणूस. रेडिओ, फोटोचा कॅमेरा, सगळं त्यांच्याकडे गावात पहिल्यांदा आलेलं. त्यांनी मुद्दाम तारेला हात लावून घेतला, झटका बसला तसे खदाखदा हसले. मग विचारलं, "यानं डुक्कर मरन का गा?"

"नाही भाऊ. ही वीज क्षणभराची आहे. मरायचं तर ती सलग वाहायला हवी, तुमच्या डायनामोसारखी. तो इथं जोडला तर डुक्कर काय, बैलही उभा राहणार नाही."

मी हे शिकवण्याच्या उत्साहात बोललो. एक टोक तारेला, दुसरं जमिनीत, ओल्या बांधीत वीज कशी छान वाहते, तेही सांगितलं. मालक लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, असा विद्यार्थी सरांनाही मिळाला नसेल.

पहिले पाच दिवस डुकरं तारेपासून मागे फिरली. सकाळी चिखलात त्यांचे खूर दिसत, तारेपर्यंत आलेले आणि गर्रकन वळलेले. मी ते वहीत काढून ठेवत होतो. सहाव्या सकाळी एका कोपऱ्यात दोन खुंट्या आडव्या पडलेल्या होत्या. आतलं धान लोळलेलं. दोन दिवसांनी दुसरा कोपरा. झटका लागतो पण त्यापलीकडे काही होत नाही, हे त्यांना कळलं असावं. एक मोठं डुक्कर धावत येऊन तार तोडत होतं आणि बाकीची मागून आत शिरत होती.

मालक यायचे, पाहायचे, रागवायचे नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "डायनामोचं तुमी बोलले होते नं?"

"तसं करता येणार नाही भाऊ. माणूस मरेल."

"माणूस काऊन जाईन तारेपाशी?" ते हसले आणि विषय बदलला.

मला झटका वाढवायचा होता. त्यासाठी दुसरी कॉइल हवी होती, म्हणून मी पेटी चालू ठेवून चार दिवसांसाठी नागपूरला गेलो. सरांनी स्वतः माझ्याबरोबर भंगार बाजारात येऊन कॉइल शोधून दिली. पाचव्या दिवशी सकाळी मी प्रवासी मोटारीतून गावच्या फाट्यावर उतरलो, तर पानठेल्यावरच्या माणसानं उठून माझी पिशवी हातात घेतली. आधी कधी त्यानं माझ्याकडे पाहिलंही नव्हतं.

"इंजिनेर बाबू, तुमच्या तारेनं तीन डुकरं पाडले. साऱ्या गावानं खाल्लं."

मी म्हटलं, माझ्या तारेनं डुक्कर पडत नाही. तो म्हणाला, "पाडलेच नं! मालकाचे साडू आले होते गडचिरोलीकडून, त्यायनंही खाल्लं." रस्त्यात आणखी दोघांनी मला राम राम घातला. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बॅटरी संपली असेल, कुणी बंदुकीनं मारली असतील आणि नाव माझ्यावर घातलं असेल, असं मी मनाशी जुळवत होतो. गिरणी चालू होती, इंजिनाचा ठोका गावभर ऐकू येत होता. मी गिरणीत न जाता आधी बांध्यांकडे गेलो.

पेटी बांधावर मी घातलेल्या छपरीखाली होती. टिकटिक नव्हती. म्हणजे बॅटरी गेली, मी ठरवलं. कोपऱ्यावरचा जोड सैल दिसला. तो आवळायला मी खाली वाकलो आणि हात पुढे केला.

"बाबू! हात नोको लावू! बाबू!"

बाई पाळीवरून धावत येत होती. डबा तिच्या हातातून सुटून बांधीत पडला होता. मी हात तसाच धरून उभा राहिलो. ती जवळ आली, तिला धाप लागली होती, आणि तिनं बोट दाखवलं. तारेखाली एक मुंगूस पडलं होतं. त्याच्यापुढे दहा पावलांवर तिचा कुत्रा. पिवळट अंगावर माश्या बसल्या होत्या.

"काल सकाऊन गेला," ती म्हणाली. "ओढाले गेली, तं हाताले आग लागली. तवापासून मी कोनालेच इकडं येऊ नाई देऊन राह्यली. तुहा आवाज तं बंद हाये, पन तार जित्ती हाये."

तेव्हा मी पाळीकडे पाहिलं. पळसाच्या झाडांना बांधून एक नवी तार गिरणीकडून आलेली होती. रात्री दिव्यांसाठी डायनामो चालायचा, तेव्हा ती जोडली जायची, पण कापणी सुरू झाली होती आणि गिरणी आता दिवसाही चालत होती. तार सोडायचं कुणालाच सुचलं नव्हतं. समोरच्या बांधीतून गवताचे भारे घेऊन बाया येत होत्या. मी राखणीच्या बाईला म्हटलं, त्यांना थांबवा, काहीही करून थांबवा. तिनं डबा उचलला आणि बडवायला सुरुवात केली. मी गिरणीकडे पळालो.

मिस्त्रींनी माझा चेहरा पाहूनच पट्टा उतरवला. इंजिन थांबल्यावर ते म्हणाले, "मालक बोलले, बाबूनंच सांगितलं. म्हणून जोडलं मी. तुमी नाई सांगितलं का?"

मी सांगितलं होतंच.

मालक आले तेव्हा मी जोडतार कापत होतो. ते माझ्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, बाबू, तुम्ही पंधरा दिवसांत जे केलं नाही ते तीन दिवसांत झालं, पीक वाचलं, गावाला मटण मिळालं, आणि मेलं काय तर एक कुत्रं. मी म्हटलं, पुढचा माणूस असेल. त्यांनी शब्द दिला की आता पुन्हा जोडणार नाही. मला वाटतं, तो शब्द त्यांनी पाळला. बाईंना राखणीचं पूर्ण धान द्यायला लावून मी पेटी, तार, बाटल्यांच्या माना, सगळं गोळा केलं आणि नागपूरला परतलो. निघताना मी बाईंना कुत्र्याबद्दल काही बोलणार होतो, पण त्या मचाणावर होत्या आणि खाली उतरल्या नाहीत.

अहवाल मी लिहिला. शेवटी एक पान डायनामोबद्दल लिहिलं: काय घडलं, कसं घडलं, आणि अशी तार कुणाच्या हाती देण्याआधी काय करायला हवं. सरांनी ते पान दोनदा वाचलं.

"यात आपल्या यंत्राचा दोष काय?" त्यांनी विचारलं.

"यंत्राचा नाही सर. पण मी समजावून सांगितलं म्हणून त्यांना कळलं."

"मग हे इथं छापून आणखी लोकांना समजावणार?" त्यांनी ते पान काढून बाजूला ठेवलं. त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं. परीक्षक यायचे होते. प्रयोगाचं कौतुक झालं, बाटल्यांच्या मानांचं विशेष, आणि सरांनी मला पुढे संशोधनासाठी थांबायला सांगितलं.

पौषात मिस्त्री वसतिगृहात आले. नागपुरात त्यांचं कुणी नव्हतं. नुसते माझ्यासाठी आले होते. मालकांच्या साडूंच्या गावी, वैनगंगेपलीकडे, गिरणीच्या डायनामोवरून तार ओढली होती. एक बाई मेली.

"तुमी चला बाबू," ते म्हणाले. "ते लोकं म्हंतात साप चावला. मी सांगितलं तं माहं कोन ऐकन?"

सरांना न सांगता मी त्यांच्याबरोबर गेलो. मार्कंड्याच्या देवळाजवळ डोंग्यातून नदी ओलांडली. नदी उतरलेली होती, देवळाखालचे खडक उघडे पडले होते. गावात पोचलो तेव्हा तार काढून टाकलेली होती. खुंट्यांची भोकं मात्र बांधावर ओळीनं दिसत होती. मी ती मोजत पूर्ण वेढा चाललो. बांधी कापून झालेली होती. राखायला तिथं काहीच उरलं नव्हतं, तरी ती बाई मरेपर्यंत तार तशीच ठेवलेली होती.

चौकीत फौजदारांनी मला बसायला खुर्ची दिली. मी कॉलेजचं नाव सांगितलं म्हणून. मी सांगितलं ते त्यांनी नीट ऐकलं, मिस्त्रींचंही ऐकलं, आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. पण साहेब, ती बाई तिथं गेलीच कशाला? जमीनमालकाचं म्हणणं आहे की चोरी करायला आली होती."

दाराशी एक माणूस उकिडवा बसला होता. तो त्या बाईचा नवरा होता. मी आल्यापासून तो माझ्याकडेच पाहत होता. आता उठून आत आला आणि धोतराच्या सोग्यातून एक फडकं काढून त्यानं टेबलावर सोडलं. आत धानाच्या चार-पाच लोंब्या होत्या, चिखल वाळलेल्या.

"सरवा वेचाले गेली होती साहेब," तो म्हणाला. "कापलेल्या बांधीत. साऱ्या बाया जातेत. चोरी नोती. एवढंच सापडलं तिच्या पदरात."

फौजदार म्हणाले, "याचा विजेशी संबंध नाही. यांना विजेचं लिहू दे."

"लिवा साहेब," तो माझ्याकडे वळून म्हणाला. विजेचं त्यानं काहीच विचारलं नाही. कुणी तार लावली, कुणी शिकवलं, काही नाही. "चोरी नोती, असं लिवा. दोन पोरी हायेत लग्नाच्या."

मी लेखणी उचलली. पहिल्या ओळीत माझं नाव आणि शिक्षण लिहिलं. दुसऱ्या ओळीत लिहिलं की मयत बाई कापणी झालेल्या बांधीत सरवा वेचत होती. मग डायनामोकडे वळलो, आणि ही तार पहिल्यांदा कोणत्या गावात, कोणाच्या सांगण्यावरून लागली, तेही लिहिलं. फौजदारांनी वाचून माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "हे तुम्ही स्वतःवरच ओढून घेताय." मी सही केली.

त्या जबानीचं पुढे काय झालं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. साक्षीला मला कुणी बोलावलं नाही. परतल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ते काढलेलं पान टेबलाच्या खणातून काढून मला परत दिलं. संशोधनाला मी थांबलो नाही. जून लागायच्या आत मी नोकरीसाठी जबलपूरला निघून गेलो.