पूल की चर्च

एमिल स्लिव्काचा आवाज नदीपलीकडे ऐकू जातो, असं केसलर गावात म्हणतात. हे कौतुक नव्हे. नदीच अरुंद आहे. तीसेक वर्षं एमिलने शाळेची बस चालवली, आणि मागच्या बाकावर उभ्या राहिलेल्या पोराला मान न वळवता नावानिशी खाली बसवणारा तो आवाज निवृत्तीनंतर वाया जाऊ नये, म्हणून त्याने तो हायस्कूलच्या बेसबॉल संघाला अर्पण केला. संघाने तो मागितला होता असं कुणाला आठवत नाही.

मैदानावर फलंदाजाच्या मागे जी तारेची जाळी आहे, तिला अगदी चिकटून एमिलची हिरवी घडीची खुर्ची असते. सामन्याच्या दिवशी सकाळीच माणसं आपापल्या खुर्च्या जाळीपाशी ठेवून जातात आणि संध्याकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. केसलरमध्ये लोक गाड्यांना कुलूप लावतात, पण खुर्च्यांना लावत नाहीत. त्या खुर्चीतून एमिल पंचांची दृष्टी तपासतो.

“पंचसाहेब, माझा चष्मा हवा का? एक भिंग गेलंय, पण तुम्हाला काय फरक पडणार!”

पंच वळून बघत नाहीत. मग शेजारच्या खुर्चीतला गस पोल न चुकता म्हणतो, “ऐकू पण येत नाही वाटतं बिचाऱ्याला.” गस निवृत्त न्हावी. आयुष्यभर त्याने समोरच्याच्या बोलण्याला दुजोरा दिला आणि ती सवय कात्री ठेवल्यावरही सुटली नाही.

नदीपलीकडे ब्रॅनिगन. घरं तशीच, बंद पडलेला काचेचा कारखाना तसाच, शुक्रवारी चर्चच्या तळघरात बायका बटाट्याचं सारण भरलेले पिरोही करतात तेही तसेच. बाहेरून आलेल्या माणसाला पूल ओलांडल्याचं पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. एमिलला मात्र डोळे मिटूनही कळतं. ब्रॅनिगनचे लोक पिरोही जास्त उकळतात. आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावतात. कशासाठी, ते एमिलने कधी विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं तर पंचाईत झाली असती.

दर मे महिन्यात दोन्ही शाळांचा बेसबॉलचा सामना होतो आणि जिंकणाऱ्या गावाला रेल्वेचा एक जुना कंदील मिळतो. आगगाडी गेली, रूळ उखडले, कंदील तेवढा राहिला. गेल्या वर्षी केसलर जिंकलं, तेव्हापासून तो लोईसच्या खानावळीत, ‘ॲपल पाय’ या फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थाच्या काचेच्या कपाटावर, खिळ्याला टांगलेला होता. दर शुक्रवारी एमिल व्हिनेगरची बाटली आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन यायचा, स्टुलावर चढायचा आणि कंदिलाची काच पुसायचा. घरच्या खिडक्यांबद्दल थेल्मा, म्हणजे त्याची बायको, काय म्हणते ते इथे नको.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण दोन्ही गावांत मुलं कमी जन्मली.

सॉकरसाठी पुरेशी मुलं एकाही शाळेत निघेनात, म्हणून शिक्षण मंडळाने शरद ऋतूत दोन्ही शाळांचा मिळून एकच संघ केला. वसंतात बेसबॉलला मात्र ज्याचं त्याचं गाव ज्याला त्याला. म्हणजे ऑक्टोबरमध्ये ज्याच्या नावाने टाळ्या पिटायच्या, त्यालाच मे महिन्यात शिव्या घालायच्या. मंडळाच्या सभेत यावर एकानेही प्रश्न विचारला नाही.

सॉकर म्हणजे तासाहून जास्त पळायचं आणि शून्य-शून्यवर हस्तांदोलन करून घरी जायचं, असं एमिलचं मत होतं. तो गेला तो थेल्मामुळे. ऑक्टोबरच्या एका शनिवारी ती ताटल्या धूत असताना तो मागे खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, “आधीची बरी धुतली होतीस.”

थेल्माने नळ बंद केला. “एमिल, मैदानावर जा.”

“बेसबॉल संपलं.”

“जे काही चालू असेल ते बघ. गवत वाढताना बघ.”

तो गेला, आणि सवयीने खुर्ची टाकली ती गोलच्या जाळीमागे. जाळीमागे बसलं की कुणाशी तरी बोलता येतं, एवढंच त्याला खेळांबद्दल पक्कं ठाऊक होतं. जाळीच्या पुढे उभा होता ब्रॅनिगनचा गोलकीपर, डेक्लन मॅहाफी. लांबलचक हात, लाल कान. आणि थंडी नसतानाही जर्सीची चेन गळ्यापर्यंत.

पहिल्या अर्ध्या तासात डेक्लनच्या दोन्ही बाजूंनी एकेक गोल गेला. दुसऱ्याला तर एमिल “डावीकडे! डावीकडे!” म्हणून घसा फोडत होता आणि पोरगा उजवीकडे उडी मारून गवतात पडला.

“डावीकडे म्हणालो होतो,” एमिल म्हणाला.

“ऐकलं, मिस्टर स्लिव्का.” पोराने तोंडातलं गवत काढलं. “मला डावं-उजवं पटकन कळत नाही. विचार करावा लागतो. तेवढ्यात चेंडू जातो.”

एमिलने त्याच्याकडे नीट पाहिलं. चाळीसएक पोरांच्या बसमध्ये असं एखादं असायचंच. घर डाव्या हाताला असलं की उजव्या खिडकीला नाक लावून बसणारं.

“तो पूल दिसतोय?”

“दिसतोय.”

“आणि तिकडे चर्च?”

“हो.”

“मग झालं. आजपासून तुला डावंही नाही आणि उजवंही नाही. मी पूल म्हणालो तर पूल, चर्च म्हणालो तर चर्च. विचार करायचा नाही. विचार तुझ्या गावाला मानवत नाही.”

पोरगा हसला. उत्तरार्धात एमिलने खुर्ची त्याच्यासोबत दुसऱ्या गोलमागे नेली, आणि एकही गोल झाला नाही.

त्या शरदात एमिलने एकही सामना चुकवला नाही. दवाने पांढऱ्या पडलेल्या गवतावर “पूल!” घुमायचं आणि डेक्लन पुलाकडे झेपायचा, “चर्च!” घुमायचं आणि तो चर्चकडे. तो मागे वळून कधीच बघत नसे. एमिलला ते विचित्र वाटायचं. तीस वर्षं पोरांनी त्याचं ऐकलं होतं, पण ती खाली बसण्यापुरतं. डेक्लनची आई मॉरीन त्याच्यासाठी थर्मासमधून कॉफी आणायची आणि भोपळ्याचा केक. केक जरा ओला होता. जास्त उकळलेला, एमिल मनात म्हणायचा, आणि दुसरा तुकडा घ्यायचा.

नोव्हेंबरात, पहिला बर्फ भुरभुरत असताना, संघ जिल्ह्याच्या दुसऱ्या फेरीत हरला. एमिलचा आवाज आठवडाभर बसला. थेल्मा म्हणाली, इतका सुंदर आठवडा लग्नानंतर हाच.

त्याच हिवाळ्यात, लोईसच्या खानावळीत, एमिल गसला काहीतरी बोलून गेला. कौतुकाच्या भरात होता. “पोराला डावं-उजवं कळत नाही रे, पण पूल म्हटलं की असा सुटतो!” गसने मान डोलावली आणि ॲपल पाय खाल्ला. गसच्या डोक्यात काही साठून राहतं हे तोवर कुणाला माहीत नव्हतं.

मार्चमध्ये मंडळाने जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून शाळाही एकच. नावासाठी नेमलेल्या समितीने महिनाभर डोकं चालवून ‘नदीखोरे संयुक्त हायस्कूल’ हे नाव शोधलं, जे कुणालाच आवडलं नाही आणि म्हणून एकमताने मंजूर झालं. बोधचिन्ह ससाणा. दोन्ही गावांत कुणी ससाणा पाहिलेला नव्हता, त्यामुळे कुणाचं मन दुखावलं नाही. राहता राहिला कंदील. या मे महिन्यात जो जिंकेल, कंदील कायमचा त्याचा.

आणि ब्रॅनिगनचा कॅचर, फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, टाकलेला चेंडू झेलणारा, होता डेक्लन मॅहाफी. एमिलच्या हिरव्या खुर्चीपासून जाळीपलीकडे चार हातांवर.

सामन्याच्या आदल्या दिवशी खानावळीत, कंदिलाच्या बरोबर खाली, गसने काटा बशीत ठेवला.

“एमिल, एक विचार आलाय.”

“पाणी पी, जाईल.”

“चेंडू त्या पोराच्या हातून निसटून मागे गेला की त्याला दिसणार नाही कुठे गेला. बरोबर? तो वळणार. शोधणार. कुणाचा आवाज ऐकणार?”

एमिलने कॉफीत साखर ढवळली.

“तू फक्त उलटं ओरडायचंस. चेंडू पुलाकडे असला तर चर्च म्हणायचं. ओरडायला बंदी थोडीच आहे? तू तर पंचाच्या आईची चौकशी करतोस.”

“ते वेगळं.”

“कसं काय?”

ॲपल पाय वाढणारी लोईसही थांबून ऐकू लागली. पलीकडच्या टेबलावरचे दोघे वळले. एमिलने वर पाहिलं. काच इतकी स्वच्छ होती की त्यात सगळी खानावळ उलटी दिसत होती, आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते.

“बघू,” तो म्हणाला. केसलरमध्ये याचा अर्थ ‘हो’ असा घेतात.

सामन्याला दोन्ही गावं रिकामी होऊन मैदानावर आली. मॉरीन मॅहाफी तिच्या लोकांत बसली होती. तिने एमिलकडे पाहिलं नाही आणि एमिलने तिच्याकडे. हे रीतीला धरूनच होतं. डेक्लनने मुखवटा चढवला, छातीवरचं कवच आवळलं आणि जाळीकडे पाठ करून बसला. एमिलने रात्रभर टोमणे जुळवले होते.

“मॅहाफी! केस कापून घे जरा, डोळ्यांवर येतायत!”

गसने त्याच्याकडे पाहिलं. “हा टोमणा होता की काळजी?”

“गरम होतोय मी अजून.”

पण तो गरम झालाच नाही. पंचांच्या वाट्याला नेहमीचं सगळं आलं, पोराच्या वाट्याला आलं ते असं: “गुडघ्याला काय झालं, मॅहाफी, म्हातारा झालास?” तेही अशा सुरात की ब्रॅनिगनच्या एका बाईने त्याला मलमाचं नाव सांगितलं.

शेवटचा डाव आला. ब्रॅनिगन चार, केसलर तीन. दोन गडी बाद, तिसरा गेला की सामना संपला. केसलरचा एक पोरगा तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या शेवटच्या टप्प्यावर, एक दुसऱ्यावर. पहिला घरी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, परत आला तर बरोबरी, दोघेही आले तर कंदील. ऊन तिरपं झालं होतं, मातीची लाल धूळ त्यात तरंगत होती, आणि चेंडू टाकायच्या आधीची ती शांतता पसरली होती जी चर्चमध्ये पाद्रीबाबांना आजवर मिळालेली नाही.

पिचरने चेंडू टाकला. चेंडू जमिनीवर आपटला, डेक्लनच्या हातमोज्याला चाटून मागे उडाला, जाळीखालच्या फळीवर आदळला आणि पुलाच्या बाजूला बॅटींच्या ढिगामागे जाऊन पडला.

केसलर एका आवाजात उठलं. तिसऱ्या बेसवरचा पोरगा घराकडे सुटला, मागून दुसरा. चेंडू घेऊन त्यांना अडवायला पिचर घराच्या जागी धावत आला. डेक्लनने मुखवटा फेकला, वळला, आणि चेंडू कुठेच नव्हता. तो गोल फिरला. चेहरा जाळीकडे आला. लाल कान, उघडं तोंड. त्याने चेंडू शोधला नाही. त्याने खुर्चीकडे पाहिलं.

गसचं कोपर एमिलच्या बरगडीत रुतलं.

“पूल!” एमिल ओरडला. “पूल, पूल, बॅटींच्या मागे!”

पोराने विचार केला नाही. पुलाकडे झेपावला, ढिगामागे हात घातला, पडल्या पडल्या चेंडू पिचरकडे फेकला. केसलरचा पोरगा घसरत आला तेव्हा पिचरचा हातमोजा वाट बघत होता.

पंचांनी ‘बाद’ म्हणून हात वर केला. त्यांची दृष्टी नेमकी त्याच दिवशी उत्तम होती.

नदीपलीकडच्या लोकांचा कल्लोळ उठला. केसलरच्या बाजूला एक एक खुर्ची मिटल्याचा आवाज येत राहिला. गस उभाच होता.

“तू पूल म्हणालास.”

“चर्च म्हणायचं होतं.”

“पूल म्हणालास. तीनदा.”

“उलटसुलट झालं. घाईत होतं माणसाचं.” एमिल खुर्चीची घडी घालत होता, पण आज ती मिटत नव्हती. “तूच म्हणालास उलटं ओरड. मी उलट्याचं उलटं केलं.”

“बॅटींच्या मागे, हे कशाचं उलटं?”

एमिलने खुर्ची न मिटताच उचलली. गसने सवयीने मान डोलवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली. मग खालच्या आवाजात तो म्हणाला, “एमिल, माझ्या तिन्ही मुली तुझ्या बसने शाळेत गेल्या आहेत.”

गावापुढे अवघड प्रश्न उभा राहिला. एमिल खरं बोलत असेल, तर ज्याला पूल आणि चर्च यांतला फरक कळत नाही अशा माणसाच्या हाती त्यांनी तीस वर्षं आपली मुलं दिली होती. खोटं बोलत असेल, तर तो फितूर. आठवडाभर खानावळीत काथ्याकूट झाला. शेवटी मुलांबद्दलचा विचार सहन होईना, म्हणून बहुमताने तो फितूर ठरला. लोईसने त्याला ॲपल पाय दिला, पण कपाटातला मागचा, कालचा. वर नुसता खिळा होता. भिंतीवर कंदिलाच्या आकाराचा उजळ डाग.

कंदील न्यायला ब्रॅनिगनचा संघ आला होता त्या दिवशी एमिल रस्त्यापलीकडे उभा होता. डेक्लन कंदील कवेत घेऊन बाहेर आला आणि थेट त्याच्यासमोर येऊन थांबला.

“मिस्टर स्लिव्का, लोक म्हणतायत चुकून झालं.”

“चुकूनच. तुमच्या गावासाठी मी मुद्दाम काही करेन?”

“नाही,” पोरगा गंभीरपणे म्हणाला. “मला पण तसंच वाटलं.” मग जरा घुटमळून, “ऑगस्टमध्ये सॉकरचा सराव सुरू होतोय. गोल त्याच जागी असणार.”

“जाळीचं भोक शिवायला सांग आधी,” एमिल म्हणाला. “आणि हा कंदील नीट धर. काचेला बोटं लागतायत.”

जूनमध्ये गस आपणहून येऊन अंगणात बसला. इकडचं तिकडचं बोलला आणि उठता उठता बातमी दिली. “ब्रॅनिगनवाल्यांनी कंदील अग्निशमन केंद्रात टांगलाय म्हणे. बंबाचा धूर बसून काच अगदी काळी झालीय. कुणी बघत नाही.”

“माझं काय त्यात,” एमिल म्हणाला.

शुक्रवारी सकाळी थेल्मा स्वयंपाकघरात व्हिनेगरची बाटली शोधत होती. ती एमिलच्या काखेत होती, आठवड्याभराच्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली.

“कुठे निघालास?”

“चर्चला.”

थेल्माने हात पुसले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. गाडी फाटकाबाहेर पडली, कोपऱ्यावर थांबली, वळायचा दिवा नीट लुकलुकला, आणि ती पुलाकडे वळली.