शिवणकामाच्या नावाखाली

बीडच्या प्रशिक्षण केंद्रात मी पोचले तेव्हा शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या. पार्लरच्याही. टेबलामागच्या बाईंनी यादी खालीवर बघितली आणि म्हणाल्या, वायरमनच्या दोन जागा शिल्लक आहेत, पाहिजे तर आत्ताच अर्ज भरा. सरकारी योजनेतलं मोफत प्रशिक्षण, तीन महिन्यांचं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. मी अर्ज भरला.

मी अकरा वर्षांची असताना माझे वडील विजेच्या धक्क्यानं गेले. आमची मेंढरं. गेवराईकडच्या एका शेतात ती खतासाठी बसवली होती. वडील पाण्यासाठी विहिरीवर गेले आणि मोटारीच्या पेटीला त्यांचा हात लागला. मी मागून भाकरी घेऊन चालले होते. पेटीला चिकटलेला तो हात मी पाहिला. माय त्यांच्याकडे धावली तेव्हा लोकांनी तिला दंडाला धरून मागं ओढलं, नाहीतर तीही गेली असती. तेव्हापासून आमच्या घरात दिव्याचं बटण कुणी बोटानं दाबलं नाही. आम्ही लाटण्याच्या टोकानं दाबायचो.

पण बारावी होऊन तीन वर्षं मी घरात बसले होते. चुलते स्थळं आणत होते. त्या दिवशी रिकाम्या हातानं परत गेले असते तर पुन्हा बीडला कुणी पाठवलं नसतं. घरी सांगितलं, शिवणकाम मिळालं. माय एवढी खूश झाली की तिनं ट्रंकेतून ठेवणीतला ब्लाऊजपीस काढून दिला. तो मी शिवणाच्या वर्गातल्या एका मुलीकडून शिवून घेतला. मायनं तो घालून शेजारणीला दाखवला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वर्गात सगळी मुलं, आणि बायका आम्ही दोघी. दुसरी पंधरा दिवसांत सोडून गेली. शिकवणारे सर वीज कार्यालयातून निवृत्त झालेले होते. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं भाजून आखडली होती. पहिल्या दिवशी त्यांनी नुसती वायर सोलायला दिली, कशालाच न जोडलेली. तरी मी ती ओढणीत गुंडाळून धरली. मुलं हसली. वर्ग सुटल्यावर सरांनी मला थांबवलं.

"इतकी भीती वाटतीय तर वायरमनला काहून आलीस?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी आपली आखडलेली बोटं माझ्यापुढं धरली. मग म्हणाले, "भीती घालवायच्या मागं लागू नको. हात लावायच्या आधी दर वेळी तपास. मी बंद केलंय म्हणलो, तरी तपास."

मी तपासू लागले. एका बोर्डाला दहा वेळा. मुलं कंटाळायची. रोज सकाळी एसटी बीडच्या स्टँडवर आली की वाटायचं, उतरूच नये.

परीक्षा घ्यायला बाहेरून एक साहेब आले. भिंतीवरच्या बोर्डावरचा होल्डर उघडून मला नवी जोडणी करायची होती. साहेबांनी बटण दाबलं, दिवा विझला. वेळ कमी आहे, सुरू करा, म्हणाले. मी टेस्ट लॅम्प काढला. दोन वायरी जोडलेला साधा दिवा तो, करंट असला की लागतो. साहेबांनी घड्याळ बघितलं. "दिवा विझलेला दिसत नाही का?"

"दिसतो, सर. तरी बघते."

एक टोक अर्थिंगला लावलं, दुसरं होल्डरला. टेस्ट लॅम्प लख्ख पेटला.

कुणीतरी जोडणी उलटी केली होती, बटण करंट आणणाऱ्या वायरीऐवजी परतीच्या वायरीवर बसवलं होतं. बटणानं दिवा विझत होता, पण करंट होल्डरपर्यंत तसाच येत होता. मला हे नंतर कळलं. तेव्हा मी तिथंच फरशीवर बसले. सरांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. साहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी मला पाणी दिलं आणि पूर्ण वेळ पुन्हा दिला. मी तीनदा तपासलं. स्क्रू दोनदा हातातून पडला. पण काम झालं, पास झाले.

त्या संध्याकाळी माय भाकरी थापत होती. मी म्हणाले, "माय, मी शिवण शिकले न्हाई. लाइटीचं काम शिकले."

तिचा हात पिठातच थांबला. मग तिनं माझे दोन्ही पंजे ओढून उलटेसुलटे बघितले. "तुलाबी तसंच उचलून आणायचं का मी?" एवढंच बोलली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

महिन्याभरानं रोजगार मेळाव्यात सौर पंप बसवणाऱ्या एका कंपनीनं मला घेतलं. तिथं कळलं की ऊन आहे तोवर पॅनलमधला करंट बंदच करता येत नाही. पॅनल ताडपत्रीनं झाकूनच हात घालावा लागतो. हे ऐकून मी रात्रभर जागी होते.

पहिल्या कामाला माय सोबत आली. मी नको म्हणाले, तरी आली. शेताच्या बांधावर उन्हात बसून तिनं एकदाही नजर हलवली नाही. मी पॅनलवर ताडपत्री टाकली, तपासलं, वायर जोडली, परत तपासलं, मग ताडपत्री काढली. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी. शेतकरी ओंजळ धरून उभा राहिला. मी ताडपत्रीची घडी घालू लागले.

"झालं का?" मायनं विचारलं.

"झालं."

ती उठली, लुगडं झटकलं, आणि शेतकऱ्याच्या बायकोला परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारू लागली.