उरलेला गाल

माझा थोरला दाढी-कटिंग करतो. हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरू लागतं. बोलणं मात्र मोजकं. गेल्या वर्षी तेही बंद झालं. शटर अर्धं ओढून आत नुसता बसून राहायचा. जेवलास का विचारलं तर "हो" म्हणायचा आणि डबा भरलेलाच परत आणायचा. डॉक्टरांनी नैराश्य आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. कित्येक महिन्यांनी तो आरशासमोर उभा राहून स्वतःचेच केस नीट करू लागला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

सोमवारी दुकान पुन्हा उघडायचं ठरलं. पण येणार कोण? गल्लीत कुजबुज होती, "वस्तरा असतो बाबा त्याच्या हातात!"

त्यातच मानसिक आरोग्यासाठी देणग्या गोळा करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष घरी आले. रविवारच्या कार्यक्रमात त्यानं आपला अनुभव सांगावा, म्हणाले. "लोकांच्या मनातली भीती घालवायचीय आपल्याला." मग त्याला नीट न्याहाळून जरा खट्टू झाले. "तब्येत फारच सुधारलीय हो याची. रविवारपर्यंत दाढी करू नकोस."

"दाढी करणाऱ्यानंच दाढी वाढवायची?" मी विचारलं.

"परिणाम होतो, ताई. आणि सामानाची पेटीही आण रे. टेबलावर मांडू."

रविवारी हा गुळगुळीत दाढी करून गेला. अध्यक्षांनीच चार दिवसांचे पांढरे खुंट राखले होते, सहवेदना म्हणून.

हा चांगला बोलला. "सगळे म्हणायचे, आराम कर. आरामच तर होत नव्हता." सगळा हॉल उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी काजळ सांभाळत डोळे टिपले. "काय धीट मुलगा!"

मग देणगीसाठी वस्तूंचा लिलाव झाला. तडा गेलेल्या फुलदाणीसाठीसुद्धा चढाओढ लागली. त्यानंतर यानं देऊ केलेलं कूपन आलं. वर्षभर फुकट दाढी-कटिंग.

एकही बोली लागेना. काजळवाल्या बाईंनी नवऱ्याचा वर निघालेला हात धरून खाली दाबला.

"अगं, डोकं खाजवत होतो," तो पुटपुटला.

"बोला कुणीतरी," अध्यक्ष म्हणाले. "स्वतःला नको तर भेट द्या. साडूला वगैरे."

माझ्या पोराचे कान लाल झाले. ते कान मी ओळखते. आता हा खाली उतरणार, घरी जाणार आणि उद्या शटर वर जाणारच नाही, असं वाटून मी उठलेच. पण त्यानं पेटी उघडली.

"काका, तुम्हीच बसा. नमुना म्हणून."

"मी? अरे, ही दाढी मुद्दाम ठेवलीय!"

"भाषणं झाली, काका. आता काय उपयोग तिचा?"

हशा पिकला. भीती घालवायला निघालेला माणूस चारचौघांत नाही कसं म्हणणार? बसले बिचारे. वस्तरा उघडताच डोळे घट्ट मिटले आणि खुर्ची अशी धरली, जणू ती उडणार होती. खोटं कशाला सांगू, मीही त्याच्या हाताकडेच टक लावून होते. हात तसाच होता, हलका.

एक गाल झाला. त्यानं टॉवेलनं पुसला आणि पेटी बंद केली.

"अरे, आणि हा?" अध्यक्षांनी दुसरा गाल चाचपला.

"तो उद्या, दुकानात. सकाळीच उघडतोय."

घरी उरकता आलं असतं त्यांना. पण अख्ख्या हॉलनं पाहिलं होतं, दुकानात गेले नसते तर घाबरले म्हणाले असते. सोमवारी मी डबा द्यायच्या निमित्तानं दुकानात जाऊन बसले. अध्यक्ष आले, दाढदुखी असल्यासारखा गालावर रुमाल धरून. ते धडधाकट बाहेर पडतात का, हे बघायला मागोमाग चौघे आले आणि बाकावर दाटीवाटीनं बसले.

फेस लागला, वस्तरा फिरू लागला. थोड्याच वेळात अध्यक्ष घोरायला लागले.

"पुढचा नंबर कुणाचा?" माझ्या पोरानं विचारलं.

बाकावरच्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांच्यातल्या काजळवाल्या बाईंच्या नवऱ्यानं हात वर केला. या वेळी डोकं खाजवत नव्हता.

"माझा," तो म्हणाला. "पण वहिनी, आमच्या घरी बोलू नका."