जोंधळ्याचा दाणा आणि सनई

आमच्या घरात लग्न निघालं की माझ्यासाठी पहिली तयारी होते ती खुर्चीची. मांडवात पंख्याखाली खुर्ची, हातात सरबत आणि वर "काका, तुमी निवांत बसा." मला जन्मापासून दिसत नाही, हे खरं. पण हातपाय धड आहेत आणि डोकंही त्या मानानं बरं चालतं. निवांत बसून बसून माझा जीव विटला होता. म्हणून पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा मी दादाला, म्हणजे तिच्या वडिलांना, सरळ सांगितलं, "ह्या टायमाला मला काम पायजे. सनई मी लावणार."

शेवटचं 'सावधान' झालं की स्पीकरवर सनई सुरू करायची, एवढंच ते काम. दादा नाहीच म्हणत होता. त्यालाही कारण होतं. साखरपुड्याला मी माझा फोन स्पीकरला जोडला होता. माझा फोन बोलका आहे, पडद्यावर येईल ते मोठ्यानं वाचतो. ऐन अंगठी घालताना त्यानं "तुमचा रिचार्ज आज संपत आहे" असं निम्म्या पलूस गावाला ऐकवलं.

मग फौजेतला पुतण्या सुट्टीवर आला, तो काड्यापेटीएवढा म्युझिक प्लेअर घेऊन. "काका, ह्यो बोलत न्हाई. बटणं बी न्हाईत, समदं टच. लय भारी!"

भारी कसलं! बोट फिरवलं तर सगळी गुळगुळीत काच. आंधळा माणूस वस्तू चाचपून ओळखतो, आणि या यंत्राला चाचपलं की ते म्हणतं, दाबलं. सुरू करायची जागा शोधेपर्यंत चार गाणी पुढं गेलेली असायची. असली यंत्रं बनवणाऱ्याला एकदा अंधारात परक्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधायला लावलं पाहिजे.

उपाय वहिनीनं काढला. काचेवर जिथं सुरू करायची खूण होती, तिच्या अगदी कडेला तिनं डिंकानं जोंधळ्याचा एक दाणा चिकटवला. दाण्याला लागून बोट टेकवलं की सनई, जरा डावीकडे टेकवलं की मागचं, उजवीकडे पुढचं. मी रोज सराव केला. बाकीची गाणी काढून सनई पहिली ठेवली. तिच्यानंतर फक्त माझं एक खासगी रेकॉर्डिंग होतं, दादाच्या दुपारच्या घोरण्याचं. "मी घोरत न्हाई" असं तो वहिनीशी लग्न झाल्यापासून भांडत आलाय, म्हणून जपून ठेवलेला पुरावा.

लग्नात मी स्पीकरशेजारी बसलो, प्लेअर मांडीवर. आता, आमच्याकडं अक्षता तांदळाच्या नसतात, रंगवलेल्या जोंधळ्याच्या असतात. हे मला ठाऊक, वहिनीला ठाऊक, सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. पण आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही.

पहिली मंगलाष्टका झाली आणि जोंधळा बरसला. नवऱ्याकडची मंडळी जतची, त्यांची मूठ मोठी. प्लेअरवर बोट ठेवलं तर जिथं तिथं दाणेच दाणे. आज चुकलो तर पुढचा सगळा जन्म पंख्याखाली जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग युक्ती सुचली. सुटे दाणे झटकले की पडतील, डिंकाचा तेवढा राहील. प्रत्येक मंगलाष्टकेनंतर तळहातानं काच पुसत गेलो. शेवटच्या वेळी पुसली आणि एकच दाणा उरला. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश झालो. 'सावधान' झालं आणि मी बोट टेकवलं.

पण यंत्रानं माझं पुसणंही हुकूम समजून पाळलं होतं आणि ते गुपचूप पुढच्या रेकॉर्डिंगवर जाऊन बसलं होतं.

मांडवाच्या सगळ्या स्पीकरांतून दादा घोरू लागला. उसाचा ट्रॅक्टर चढाला लागावा तसा, मध्येच बंद पडायचा आणि मग शिट्टी. पाहुण्यांत कुणीतरी विचारलं, "मिक्सर बिघडला काय रं?" तेवढ्यात वहिनी, व्याही शेजारी उभे असताना, कडाडली, "आवं, ह्ये तुमीच! आता म्हना, घोरत न्हाई!" नवरी इतकी हसली की तिनं टाकलेला हार नवऱ्याच्या कानाला अडकला, असं मला नंतर कळलं. सगळा मांडव हसत सुटला.

मला मात्र हसू येईना. कसाबसा प्लेअर बंद केला. एक काम मागून घेतलं होतं, त्याचंही वाटोळं झालं. तेवढ्यात दादाची पावलं ऐकू आली, तो टाच आपटत चालतो. मी आपणहून उठलो आणि प्लेअर पुढं केला. "घे. जातो पंख्याखाली."

त्यानं तो घेतला नाही.

"धाकट्या पोरीच्या लग्नाला," तो म्हणाला, "शेंगदाणा चिकटीव. आन आता सनई लाव की लवकर, पोरं हार घालून थांबल्यात."

मी दाणा शोधला, एक गाणं मागं आलो आणि सनई लावली.