तोंडातल्या टाचण्या

टेलरबाईंच्या दुकानात शिरलं की डाव्या हाताला शिलाई मशीन, उजव्या हाताला उभा आरसा आणि मागे जाड हिरवा पडदा. बायका त्या पडद्याआड उभ्या राहत, बाई गुडघ्यांवर बसून त्यांच्या झग्याचा घेर दुमडत, आणि बाईंच्या ओठांत टाचण्या असत. आता तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, सल्ला देता येत नाही, ‘अगं बाई, खरंच?’ असंसुद्धा म्हणता येत नाही. त्यामुळे बायका बोलत. सासूबद्दल, सुनेबद्दल, पोटात राहिलेल्या आणि न राहिलेल्या बाळांबद्दल. बाई ‘हं’ म्हणत आणि पुढची टाचणी लावत.

धंद्यात त्यांचा एकच नियम होता. पडद्याआडचं पडद्याबाहेर आणायचं नाही. कोणाची कंबर किती वाढली हे त्या प्रत्यक्ष त्या बाईलाही मोठ्यानं सांगत नसत, गुपचूप शिवण उसवून आत दुमडलेलं जास्तीचं कापड, म्हणजे माया, सोडत. नवरा गेल्यानंतर याच नियमावर त्यांनी घर चालवलं, लेकीला शिकवलं आणि तिचं लग्न लावून दिलं.

बुधवारी संध्याकाळी मात्र त्या टाचण्या डबीत ठेवून चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनासभेला जात. तेवढं एक ठिकाण होतं जिथं त्या स्वतः बोलत. सभेच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई. अंगानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या, आणि मनानंही मोठ्या म्हणायला हरकत नाही. कुणाच्या घरी आजारपण आलं की डबा घेऊन सगळ्यांत आधी त्याच पोचत. फक्त डबा ठेवून यायचं सोडून तिथलं सगळं डब्यात भरून आणत, एवढाच काय तो दोष. सभेत प्रत्येकीनं प्रार्थनेचा विषय सांगायचा आणि मग तो फोनवरून पुढं कळवायचा, एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला. याला त्या प्रार्थनेची साखळी म्हणत. पाळकांचं साधं पडसं या साखळीतून तिसऱ्या घरापर्यंत जाता जाता न्यूमोनिया व्हायचं. पाळक बिचारे रविवारी खणखणीत उपदेश करायला उभे राहिले की बायका देवाचे आभार मानत.

तर त्या वर्षी टेलरबाईंची लेक एक बॅग घेऊन माहेरी आली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “आई, त्यानं हात उचलला. पहिल्यांदा नाही. पण कुणाला सांगू नकोस. मला जमेल तेव्हा मीच सांगेन.”

“नाही सांगणार,” बाई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सकाळी जायची, संध्याकाळी यायची, जेवायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. पण हळूहळू भांडी घासताना ती गुणगुणायला लागली. लहानपणी रविवारच्या शाळेत शिकलेलीच गाणी. ते ऐकून बाईंचा ऊर भरून आला, आणि भरलेला ऊर घेऊन त्या बुधवारी सभेला गेल्या. तिथंच घात झाला.

“एका घरासाठी प्रार्थना करा,” त्या म्हणाल्या. “नाव विचारू नका.” आणि ढसाढसा रडल्या.

नाव घेतलं नाही खरं, पण अश्रू काय शेजारणीचे होते? टेलरबाईंना एकच लेक, ती एक बॅग घेऊन आलेली, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. रात्रीपर्यंत साखळी फिरली. शेवटच्या घरी पोचली तेव्हा लेकीचा हात मोडलेला होता आणि जावई तुरुंगात होता.

रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या दारात मोठ्या बाईंनी लेकीचे दोन्ही हात धरले. हात धड आहे का, हे आधी चाचपलं असावं. मग सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बाळ, कळलंय आम्हाला सगळं. तू क्षमा कर त्याला. आम्ही सगळ्या तुझ्यासाठी गुडघे टेकून आहोत.”

लेकीनं मोठ्या बाईंकडे बघितलंच नाही. ती आईकडे बघत राहिली.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “आई, तू सांगितलंस.”

“मी प्रार्थना मागितली, बाळा.”

“तेच म्हणतेय मी.”

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. फोन केला तर उचलायची, ‘बरी आहे’ म्हणायची आणि ठेवून द्यायची. पूर्वी भिंतीकडे तोंड करून झोपायची, पण निदान ती भिंत तरी घरातली होती.

टेलरबाई संतापल्या. मशीन अशा चालवू लागल्या की दोरा पटापट तुटे, आणि दोरा ओवता ओवता देवाशी भांडण चाले. ‘तुझ्यावर माझं प्रेम आहे, ते तुला माहीत आहे. पण तुझी माणसं मला नकोत. तुझ्यावर प्रेम करणं सोपं आहे रे, तू दिसत नाहीस आणि कुणाला फोनही करत नाहीस. पण तू म्हणतोस यांच्यासकट ये. का? मी विश्वास टाकला तो तुझ्यावर टाकला. तू तो यांच्या हातात का दिलास?’ देव काही बोलला नाही. निदान तो तरी गप्प बसतो, असं त्यांना वाटलं, आणि त्याच्या गप्प बसण्याचाही राग आला. मधूनच स्वतःचाही येई. वर्षानुवर्षं गावभराची गुपितं गिळली, आणि सांगून सांगून फोडलं ते पोटच्या पोरीचं!

अशात मोठ्या बाई नवा झगा फिटिंगला घेऊन आल्या. मुलाचं लग्न होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मोठ्या बाईंचा नवरा आणि टेलरबाई सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. काही वर्षांपूर्वी मोठ्या बाईंचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांचा डावा स्तन काढावा लागला होता. मंडळीत सांगितलं होतं की बहिणीकडे गेलेत. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक झग्याला आतून मऊ कापसाची गादी टेलरबाईच शिवत. इतकी बेमालूम, की चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईच्या घारीसारख्या डोळ्यांनाही कधी कळलं नाही.

पडद्याआड मोठ्या बाई हात वर करून उभ्या होत्या. “तुमची लेक गेली म्हणे? मनाला लावून घेतलंन हो तिनं. आम्ही काय वाईट केलं? प्रेमापोटीच केलं ना?”

टेलरबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी ‘हं’सुद्धा म्हटलं नाही. डाव्या बाजूची गादी बसवताना त्यांच्या मनात आलं, बुधवारी मलाही एक विषय सांगता येईल. प्रेमापोटीच.

बुधवारपर्यंत त्यांनी ते वाक्य मनात घोटून घोटून गुळगुळीत केलं. सभेत पाळी आल्यावर उठल्या. “आपल्यातल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करायची आहे,” त्या म्हणाल्या. “तिनं एक आजारपण आपल्या सगळ्यांपासून...”

ऑर्गनवालीनं मिटलेले डोळे उघडले. आणि मोठ्या बाईंचा हात आपोआप डाव्या छातीवर गेला. चेहरा पांढराफटक पडला, आणि त्यांनी टेलरबाईंकडे पाहिलं.

ती नजर टेलरबाईंच्या ओळखीची होती. चर्चच्या दारात लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं होतं ते अगदी असंच.

“काही नाही,” टेलरबाई म्हणाल्या. “माझा विषय नाही.” आणि बसल्या.

गप्प राहिल्याचं बक्षीस म्हणून मनाला शांती वगैरे काही मिळाली नाही. उलट हातातोंडाशी आलेला घास गेल्यासारखी चिडचिड झाली. चपला घालत असताना मोठ्या बाई मागून आल्या. आवाज इतका लहान की त्यांचा वाटेना.

“मला वाटलं, सांगताय.”

“मलाही वाटलं होतं.”

“मग का नाही सांगितलंत?”

“पडद्याआडचं होतं.” टेलरबाईंनी चपलेचा पट्टा जोरात ओढला. “माझ्या लेकीचंही ओट्यापाशी सांगितलेलं होतं. ते बाहेर मी काढलं, तुम्ही नाही. पण तुम्ही ते घरोघर वाटलंत.”

मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी जाऊन भेटू का तिला? माफी मागते, डबा घेऊन जाते...”

“नका हो जाऊ!” टेलरबाई जवळजवळ ओरडल्याच.

“मग करू तरी काय मी?”

“गप्प बसा. तेवढं जमलं तरी पुष्कळ.”

जमलं की नाही कोण जाणे. पण पुढच्या बुधवारी लेकीचा विषय निघाला तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, “तो देवाला माहीत आहे,” आणि पुढचीकडे वळल्या. ऑर्गनवाली खट्टू झाली. टेलरबाई तिथंच बसलेल्या होत्या. राग गेला म्हणून नव्हे, तो होता तसाच होता. पण ही माणसं सोडून जायचं तर कुठं जायचं? दुसऱ्या चर्चमध्ये काय बायकांना जिभा नसतील? आणि जीभ आपल्याला तरी कुठं कमी आहे, हे त्यांना आता कळून चुकलं होतं.

मग एका संध्याकाळी दुकानाच्या दारात लेक उभी. हातात कोट. “खालची शिवण उसवलीय. घालून देतेस?”

बाईंनी फोनवर बोलायचं म्हणून साठवलेलं सगळं ओठांशी आलं. माफी, जेवलीस का, घरी ये. त्यांनी ते तसंच मागं ढकललं आणि पडदा बाजूला केला. लेक कोट घालून पडद्याआड उभी राहिली. बाई तिच्या पायांशी गुडघ्यांवर बसल्या.

उसवलेली जागा बोटांनी चाचपू लागल्या. मग वरून आवाज आला, “आई, एक सांगायचंय. पण...” आणि ती थांबली.

शिवण वीतभरच उसवली होती, दोन टाचण्यांचं काम. टेलरबाईंनी डबीतून चिमूटभर उचलल्या, एकेक करत सगळ्या ओठांत धरल्या, आणि मान वर करून लेकीकडे पाहिलं.

लेकीनं त्या टाचण्यांकडे बघितलं आणि बोलायला लागली.