आबांनी पारखलेली गाडी

माझे वडील तोताराम आबा बैलाजवळ उभे राहिले की बाजारातले दलाल गप्प व्हायचे. आमच्या भागात कुणाला जोडी घ्यायची असली की आधी आबांना निरोप. दात बघायचे, खूर बघायचे, पाठीवर थाप मारून कातडी कशी थरथरते ते बघायचं. चाळीस वर्षांत त्यांनी निवडलेला बैल कुणी परत आणला नाही. हे कौतुक मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण घात केला तो ह्याच कौतुकाने.

मला दिलं शिंदखेड्याला. नवरा जीवराम, आरोग्य खात्यात हिवतापाच्या कामावर. घरोघर जायचं, कुणाला ताप असला की बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. अंगाने काडी, उंचीने माझ्याहून दोन बोटं कमीच. लग्नात बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. नोकरी अजून कायम झालेली नव्हती, पण सायकलवर त्यांचं बरं चाललं होतं. मग शहाऐंशी साली त्यांच्या वाट्याला आणखी नऊ गावं आली आणि साहेबाने बजावलं, "गाडीची सोय करा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो." आमच्या ह्यांनी तोवर गाडीच्या हँडललाही हात लावलेला नव्हता.

ह्यांना लुना हवी होती. "हलकी असते, पडली तरी एका हाताने उचलता येते," म्हणाले. आणि मी काय म्हटलं? "अहो, ती बायकांची गाडी! कुंदाच्या दारात मी लुनावर बसून जाऊ होय?" कुंदा म्हणजे माझी धाकटी बहीण. तिचा नवरा मोठ्या मोटारसायकलवर छाती काढून फिरायचा. बोलले मी असं. जीभ झडली नाही माझी मेलीची.

वर आबांना निरोपही मीच धाडला. "जावयाला गाडी घ्यायचीय, तुम्ही पारखून द्या." आबा खुलले. "गाडी मी लई देस," म्हणाले, म्हणजे मीच घेऊन देतो. लुनाचं त्यांना कुणी सांगितलंच नाही.

धुळ्याला जुन्या गाड्या विकणारा झुलाल म्हणून एक मेकॅनिक होता. आम्ही दोघंही आबांबरोबर गेलो. त्याच्या आवारात सात-आठ गाड्या उभ्या होत्या. आबा एकेकीभोवती फिरले. सीट दाबली, टायरला अंगठा लावला, एका काळ्या, जड गाडीच्या टाकीवर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली. इंजिन चालू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"दम शे हिनामा," म्हणाले, हिच्यात दम आहे.

झुलाल भला माणूस. तो म्हणाला, "आबा, पाहुणे शिकाऊ आहेत. आधी त्यांना बसवून बघा."

आबा हसले. "बैल लेतांना हाकनाराना माप कोन लेस रे?"

बैल घेताना हाकणाऱ्याचं माप कोण घेतं, म्हणून बघणारे चार जण हसले. तरी झुलालने ह्यांना बसवलंच. स्टँड काढला तर जमिनीला नुसते चवडे लागत होते, तेही ओढून ताणून. हे हळूच म्हणाले, "आबा, पाय पुरत नाहीत."

"जवाईबापू, गाडी इंजिनवर चालस, पायवर नही!"

पुन्हा हशा झाला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द काढला असता तरी पुरे होता, आबा माझा शब्द कधी खाली पडू देत नसत. पण मीही पदराआड हसले. सासऱ्यापुढे हे काय बोलणार? गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि ती घरी आली.

दोन महिने ह्यांनी ती कशी चालवली त्यांनाच ठाऊक. चालती असली की ठीक, थांबायची वेळ आली की घाम फुटायचा. दगड किंवा ओटा बघून त्याच्या कडेला थांबायचे. रोज घरी आले की मी गाडीचा आवाज ऐकून मिरवायचे, बाई!

तिसऱ्या महिन्यात रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. तिथे रस्ता चढाचा. पुढची कपाशीची बैलगाडी जराशी मागे सरकली, ह्यांनी घाईने उजवा पाय खाली टाकला, आणि खाली जमीनच नव्हती. गाडी आडवी झाली. पाय खाली, वर तापलेला सायलेन्सर. ती उचलायला तीन गडी लागले. हाड दोन ठिकाणी मोडलं, जखम चिघळली, शेवटी धुळ्याला गुडघ्याखालून पाय काढला. घरोघर फिरायचं काम, पायाशिवाय कसं करणार? नाव कमी झालं. हे ओसरीवर बसले ते बसलेच.

आबा भेटायला आले तेव्हा मी दारातच उभी राहिले. "माझ्या नवऱ्याचा पाय खाल्ला तुम्ही," म्हटलं. सगळी गल्ली ऐकत होती. आबा उंबऱ्याबाहेरूनच परत गेले. त्यानंतर त्यांनी बैलबाजार सोडला. लोक बोलवायला यायचे, ते सांगायचे, "मनी नजर गई," माझी नजरच गेली.

चार वर्षांनी जळगावला कृत्रिम पायांचं शिबिर होतं. आबांनीच शोधून काढलं, आम्हाला घेऊन गेले. ह्यांना नवा पाय बांधला, दोन कठड्यांच्या मध्ये उभं केलं. बैलाचे खूर बघायला बसायचे तसे आबा खाली बसले. रबराच्या तळव्याखालून त्यांनी बोट फिरवून बघितलं.

"जवाईबापू, पाय जमिनले टेकस ना?"

"टेकतो, आबा," हे म्हणाले.

मला राहवलं नाही. "आबा, ह्यांना लुना हवी होती. हलकी, पाय टेकणारी. मीच नको म्हटलं."

आबांनी खाली बसल्या बसल्या मान वर केली. "मले काबर नही सांगं, लता?"

का नाही सांगितलं, ते काय सांगू? तुमच्यावर ढकलणं सोपं होतं, म्हणून मी गप्प राहिले, आबा. एवढंसुद्धा मला तोंडाने म्हणता आलं नाही. ह्यांनी कठडा सोडला, एक पाऊल टाकलं आणि माझ्याकडे न बघता पुढे गेले.