एकनिष्ठ फवारणी

१९८३. जुलैअखेरचा रविवार, चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून. हजर: मी, माझे यजमान, लेक, जावई आणि जावयांचे वडील, म्हणजे आमचे भुईगावचे व्याही. इतका एकनिष्ठ माणूस अख्ख्या वसईत दुसरा झाला नाही, आणि त्या एकनिष्ठपणापायीच आम्ही सगळे खुरपी घेऊन त्यांच्या भुईमुगात उकिडवे बसलो होतो.

त्यांचा न्हावी एकच, तोही हात थरथरणारा. त्यामुळे व्याह्यांचे दोन्ही कल्ले एका उंचीवर कधी दिसले नाहीत. डॉक्टर एकच, त्याच्या औषधाने खोकला हटेना, तेव्हा व्याह्यांनी खोकल्याशी जुळवून घेतलं. तणनाशकही एकच. दर पावसाळ्यात लग्नातला कोट चढवून, त्यावर पंप अडकवून ते फवारायला निघायचे. पहिल्या वर्षी तण जळलं. पुढे थोडं उरलं, उरलेल्याचं बी पडलं, आणि त्या बियांची पोरं औषधात न्हाऊन जास्तच तरारली. शेतकी खात्याचे साहेब येऊन म्हणाले, "दरवर्षी तेच मारू नका. औषध बदला, हाताने खुरपा." साहेबांची पाठ वळताच व्याही मला म्हणाले, "विहीणबाई, खोकला गेला नाय म्हणून मी डॉक्टर सोडला काय?"

त्या वर्षी मात्र जावयांनी बजावलं होतं, "डॅडी, भुईमूग पुन्हा गवतात बुडाला, तर जमीन चाळी बांधणाऱ्याला देऊन टाकणार." शेंगा धरणाऱ्या आऱ्या एकदा मातीत शिरल्या की खुरपं चालवता येत नाही, म्हणून आमची घाई. मी ओळी वाटून दिल्या. व्याही तणाचं एकेक रोप उपटून डोळ्यांजवळ धरायचे.

"एवढं विष पचवलं, बघा तरी!"

"कौतुक पुरे. उपटा," मी म्हटलं.

विहिरीकडच्या कोपऱ्याला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. "तो माझा. उद्या करतो."

शेंगा आल्या, जमीन वाचली. तो उद्या पुढच्या पावसाळ्यातही आला नाही, आणि मग व्याहीच गेले. आता जावई दरवर्षी खुरपं घेऊन त्या कोपऱ्यापर्यंत जातात, थोडा वेळ उभे राहतात आणि विहिरीवर हात धुऊन परत येतात. बी पडायच्या आत तो साफ व्हायलाच हवा, हे मी त्यांना स्वच्छ सांगितलं आहे. यंदा तर मी स्वतःच पदर खोचून तिथे जाऊन बसले.

कोपरा अजून व्हायचा आहे.